फ्रान्सच्या पेरिगॉरमध्ये माउंटन बाइकिंग: आधी गुहेची वेळ धरा, मग रस्ता आखा

मी गेली चार वर्षं तुलूझला राहते. इथून उत्तरेला ट्रेनने दोनेक तासांवर पेरिगॉर नुआर नावाचा भाग आहे, दॉर्दोन्य आणि वेझेर या दोन नद्यांच्या मधला. ओक आणि चेस्टनटचं दाट जंगल, त्यातून वर आलेले चुनखडीचे कडे, कड्यांत आदिमानवाच्या गुहा आणि कड्यांवर मध्ययुगीन किल्ले. हे सगळं सायकलने एका दिवसात जाता येईल इतक्या अंतरावर आहे आणि त्यामुळेच नवा माणूस फसतो. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये आठ किलोमीटर दिसतात, आपण म्हणतो अर्ध्या तासात पोचू, आणि जंगलातल्या आठ किलोमीटरला दीड तास लागतो.

पहिल्यांदा मी माझ्या धाकट्या भावाबरोबर गेले होते. तो पुण्याहून आलेला, दर रविवारी सिंहगड चढणारा, त्यामुळे दमाची काळजी नव्हती. आम्ही एका दिवसात एक किल्ला, एक गुहा आणि एक म्युझियम असा प्लॅन केला. गुहेची गाइडेड टूर अडीचची होती, आम्ही बारा मिनिटं उशिरा पोचलो, ग्रुप आत गेला होता आणि त्या दिवशीच्या पुढच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. ती गुहा त्या ट्रिपमध्ये राहूनच गेली. भाऊ एवढंच म्हणाला, ताई, आपण रस्ता आधी आखला, उलटं करायला हवं होतं. त्यानंतर मी इथे बऱ्याचदा गेले, नेहमी तसंच करते, आणि खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने लिहिलंय.

१. महिना ठरवा

मे, जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे रस्ता चुकला तरी घाबरायला होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि उष्णतेची लाट दोन्ही असतात, राहायची जागा मिळणं अवघड. ऑक्टोबरमध्ये जंगल फार सुंदर दिसतं पण तीन गोष्टी लक्षात ठेवा: पानांच्या थराखाली मुळं आणि दगड लपलेले असतात, ओली चुनखडी साबणासारखी निसरडी होते, आणि शिकारीचा सीझन चालू झालेला असतो (त्याबद्दल पुढे). ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर संध्याकाळी सहालाच अंधार.

२. कागदपत्रं

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून जितका लवकर कराल तितका बरा. फी मोठ्यांना ९० युरो. सोबत ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट, दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला
- किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स
- सगळ्या रात्रींचं बुकिंग आणि परतीचं तिकीट
- गुहांच्या तिकिटांची प्रिंट, कारण दरीत नेटवर्क बऱ्याच वेळा नसतंच
- क्रेडिट कार्ड, ज्याचा पिन तुम्हाला पाठ आहे

इन्शुरन्सबद्दल एक सांगते. व्हिसासाठी जी स्वस्त पॉलिसी घेतात तिच्यात माउंटन बाइकिंग हे साहसी खेळ म्हणून वगळलेलं असू शकतं. व्हिसा मिळून जातो, पण हात मोडला की पैसे मिळत नाहीत. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी नीट वाचा, सायकलिंग कच्च्या वाटेवर चालतं का ते एजंटला ईमेलवर विचारून घ्या आणि ते उत्तर जपून ठेवा.

कार्डाचंही तसंच. सायकल भाड्याने घेताना डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात, त्याला इथे कोसिओं म्हणतात. ब्लॉकसाठी फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बरेच दुकानदार घेत नाहीत. क्रेडिट कार्डच आणा, आणि निघायच्या आधी बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा.

३. गुहेची वेळ धरा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. हा झाल्याशिवाय हॉटेलसुद्धा बुक करू नका.

लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा सगळ्यांना माहीत असते. १२ सप्टेंबर १९४० ला चार मुलांना ती गुहा सापडली, लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने, घामाच्या वाफेने, दिव्यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरायला लागलं म्हणून १९६३ मध्ये कायमची बंद केली. आज आपण बघतो ती प्रतिकृती. २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघडलेली नवी प्रतिकृती मोंतिन्याक गावाजवळ आहे आणि ती बघण्यासारखीच आहे, बैलांची आकारमानं बघून श्वास थांबतो. पण ज्यांना खरी भिंत बघायची आहे त्यांनी लेझ एझी गावाजवळच्या फों-द-गोमचं तिकीट मिळवायचा प्रयत्न करावा. रंगीत चित्रं असलेली खरी गुहा आणि आजही लोकांसाठी खुली, असं फारच थोड्या ठिकाणी उरलंय. रोज मोजक्याच लोकांना सोडतात.

आत काय होतं ते सांगते. वाट अरुंद आहे, खांदे आडवे करून चालायला लागतं. गाइड दिवा भिंतीला अगदी चिकटून तिरका धरते आणि दगडाचा जो फुगवटा आपल्याला नुसता फुगवटा वाटत होता तो बायसनचं वशिंड होतो. चित्रकाराने जनावर दगडातच पाहिलं होतं, रंग फक्त जिथे कमी पडलं तिथे लावला. पुढे दोन रेनडिअर आहेत, एक खाली वाकलेला आणि दुसरा जीभ काढून त्याचं कपाळ चाटतोय. ती जीभ एवढीशी रेघ आहे. मी अजिंठा लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं होतं आणि राजापूरकडची कातळशिल्पंही पाहिलीत, पण इतक्या जुन्या माणसाने एवढी माया एका रेघेत काढलेली बघून मला खरंच रडू आलं.

आता व्यवहाराचं. आत बॅग नेऊ देत नाहीत, फोटो चालत नाहीत. आणि गुहेत बाराही महिने थंडी असते, साधारण १३ डिग्री. तुम्ही चढ चढून घामाने भिजलेले असता आणि मग पाऊण तास उभं राहायचं, त्यामुळे कोरडा टीशर्ट आणि पातळ जॅकेट बॅगेत असलंच पाहिजे. बदलायला, सायकल लॉक करायला, बाथरूमला असा वेळ धरून टूरच्या पाऊण तास आधी पोचा.

दिवसाला आत जाऊन बघायची जागा एकच ठेवा. बाकीच्या बाहेरून, वाटेतून, कड्यावरून बघायच्या. कितीही मोह झाला तरी दुसरी घेऊ नका.

४. पोचायचं कसं

दोन रस्ते आहेत. पॅरिसहून बोर्दोला हाय-स्पीड ट्रेन दोन तासांत जाते, तिथून सार्ला या पेरिगॉर नुआरमधल्या मुख्य गावाची लोकल ट्रेन अडीच तासांच्या वर घेते. दुसरा रस्ता पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून तुलूझच्या जुन्या लाइनवर सूयाकला उतरायचं, साडेचार-पाच तास लागतात. तुलूझकडून येणाऱ्यांना सूयाक सोपं. (सार्ला नावाच्या शेवटी टी लिहितात पण म्हणत नाहीत. तिकीट खिडकीवर सार्लाट म्हटलं तर समोरचा गोंधळतो.)

स्वतःची सायकल असेल तर लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा तिकिटासोबतच रिझर्व्ह करावी लागते आणि त्या जागा मोजक्या असतात. नंतर टाकू म्हटलं तर मिळत नाही.

सूयाकचा एक फायदा मला फार आवडतो. तिथून काही किलोमीटरवर काझुलेसपासून सार्लापर्यंत बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर सायकलचा रस्ता केलाय. रेल्वेचा असल्याने चढ जवळजवळ नाहीच, नदीवरून जुन्या रेल्वे पुलानेच जाता येतं. पहिल्या दिवशी प्रवासाचा थकवा असताना सामान घेऊन जायला याच्याइतकं चांगलं काही नाही. सायकल भाड्याने घ्यायची असेल तर मात्र सरळ ट्रेनने सार्लाला या, दुकानं तिथे आहेत.

५. सायकल घेताना

इथे माउंटन बाइकला वेतेते म्हणतात, दुकानात तेच विचारा. सिटी बाइक किंवा वेतेसे (म्हणजे हायब्रिड सायकल) देत असतील तर नको म्हणा, ती जंगलातल्या दगडांवर टिकत नाही.

बॅटरीवालीबद्दल लोक लाजतात, लाजू नका. इथले डोंगर उंच नाहीत, माथे दोन-तीनशे मीटरचेच, पण नदी–माथा–नदी–माथा असं दिवसभर चालू असतं आणि चढ छोटे असले तरी उभे असतात. फक्त तिचं वजन वीस-पंचवीस किलो असतं हे लक्षात ठेवा, आडवं पडलेलं झाड आलं की ती उचलून पलीकडे न्यावी लागते. एकटे असाल तर साधीच घ्या.

दुकानातून निघायच्या आधी हे करा:

ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताचा पुढचा. उतारावर सवयीने डावा जोरात दाबला तर तुम्ही हँडलवरून पुढे जाल. माझा भाऊ पहिल्याच उतारावर असा पडला, कोपर सोलवटलं आणि मनगट सुजलं, नशिबाने मोडलं नाही. पहिला अर्धा तास सपाट रस्त्यावर फक्त ब्रेकची सवय करा. काही दुकानदार सांगितलं तर बदलूनही देतात.

फोटो. फ्रेम, रिम, डिरेलर, सीट यांचे सगळ्या बाजूंनी फोटो दुकानदारासमोरच काढा. एका दुकानाने आमच्याकडून रिमवरच्या जुन्या पोच्याचे पैसे कापून घेतले, कारण आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

सोबत काय द्याल ते विचारा: एक ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेन जोडायची क्विक लिंक, लॉक, घंटी, पुढचा-मागचा लाइट. घंटी कायद्यानेच लागते. गावाबाहेर रात्री किंवा कमी उजेडात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, पण जंगलात जाणाऱ्या मोठ्या माणसाने ते न घालणं हा वेडेपणा आहे. कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर दंड होतो.

६. रस्ता आखणं आणि खुणा वाचणं

आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० चे नकाशे घ्या, कागदावर एक आणि फोनमध्ये ऑफलाइन एक. जनरल नेव्हिगेशन अॅपवर भरवसा ठेवू नका, ते तुम्हाला कोणाच्या तरी अंगणात किंवा गाड्यांच्या रस्त्यावर नेऊन सोडतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नका, तासात मोजा: कच्च्या वाटेवर नवख्या माणसाचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर धरा, वर थांबण्याचा वेळ वेगळा.

झाडांवर आणि दगडांवर रंगाच्या खुणा असतात. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतालची छोटी. या चालणाऱ्यांसाठी आहेत, सायकलला बऱ्याच ठिकाणी चालतं पण मान चालणाऱ्याचा, समोर कोणी आलं की थांबून बोंझूर म्हणा आणि त्यांना जाऊ द्या. माउंटन बाइकची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि त्याच्याजवळ दोन गोल, सायकलसारखी दिसते. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल, काळा सगळ्यात अवघड. सिंहगडचा डांबरी घाट रोज चढत असाल तरी तांत्रिक उताराची सवय वेगळी, पहिल्या दिवशी निळ्याच्या पुढे जाऊ नका. फुली दिसली तर ती वाट आपली नाही, मागे फिरून आधीची खूण शोधा.

पाट्यांचं थोडं:

- प्रोप्रिएते प्रिव्हे: खासगी जागा. इथलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे खुणेची वाट सोडून आत शिरू नका.
- रेझर्व्ह द शास: ही बघून लोक घाबरून परत फिरतात. याचा अर्थ इथे शिकारीला बंदी, सायकलला नाही.
- शास आं कूर: शिकार चालू आहे. ही दिसली की मागे फिरा, वाद नको.

शिकारीचा सीझन साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. रानडुकराच्या हाकाऱ्यात शिकारी केशरी जॅकेट घालून रांगेने उभे असतात. आधीच्या संध्याकाळी जिथे मुक्काम आहे तिथल्या मालकांना विचारा उद्या कुठल्या बाजूला शिकार आहे, त्यांना माहीत असतं. रविवार सकाळ नदीकाठच्या रस्त्यावर काढा, अंगावर भडक रंग ठेवा, मातकट हिरवं अजिबात नको.

७. मी सुचवते तो तीन दिवसांचा रस्ता

पहिला दिवस. सार्ला. गाव पिवळसर दगडाचं, १९६० च्या दशकात जुनी वस्ती जपण्याचा कायदा आला तेव्हा पहिल्या काही गावांत याची डागडुजी झाली. बुधवार आणि शनिवारी बाजार भरतो. दुपारी दक्षिणेला दॉर्दोन्यच्या काठी उतरा. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे आहेत, शतवार्षिक युद्धात एक फ्रेंचांकडे आणि दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. खाली नदीजवळ सायकल उभी करून दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं की मधल्या रयतेचं काय झालं असेल ते कळतं. दम उरला असेल तर १२८१ मध्ये वसवलेलं दोम्म हे गाव, चढ खडा आहे पण वरून सगळी दरी दिसते.

दुसरा दिवस. सार्ला ते लेझ एझी, आणि हाच दिवस माझा सगळ्यात आवडता. डांबरी रस्त्याने वीस-एकवीस किलोमीटर, पण जंगलातून जा आणि अख्खा दिवस घ्या. ब्रईच्या दगडी झोपड्या बघा, चुना-माती न वापरता नुसते चपटे दगड रचून छप्परसुद्धा केलंय. मग बन नदीच्या दरीत उतरा. इथे चेस्टनटच्या रानातून वाट खाली जाते, दोन्ही बाजूला मातीच्या भिंती, वर फांद्या मिळालेल्या, दुपारीसुद्धा अंधार. चाकाखाली पानं, लांब कुठेतरी सुतारपक्षी. आणि एका वळणावर झाडी संपते आणि समोर कोमार्क. बाराव्या शतकापासूनच्या किल्ल्याचे अवशेष, पायाखालच्या कड्यात गुहा, दरीपलीकडे लोसेलचा किल्ला, आणि आजूबाजूला एकही दुकान नाही. मी तिथे दर वेळी तासभर तरी बसते. गाडीने येणाऱ्यांना पार्किंगमधून थोडं चालत यायला लागतं, पण जंगलातून दोन तास येऊन जे दिसतं ते त्यांना दिसत नाही असं मला मनापासून वाटतं. फों-द-गोमचं तिकीट या दिवसाचं धरू नका, उशीर होतोच.

तिसरा दिवस. सकाळी गुहा. मग वेझेरच्या काठाने वर: ला रोक सें-क्रिस्तोफ हा किलोमीटरभर लांब कडा, ज्याच्या कपारीत माणसं हजारो वर्षं राहिली. पुढे सें-लेओंचं नदीकाठचं देऊळ, बाराव्या शतकातलं चर्च आहे पण मला ते देऊळच वाटतं, आत बसा, पाण्याचा आवाज येतो. संध्याकाळी मोंतिन्याक, लास्को दुसऱ्या सकाळी. मोंतिन्याकला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन काँदा-ल-लार्दां, दहाएक किलोमीटरवर.

८. पाणी आणि पोट

पाण्याची युक्ती मला इथल्या एका आजीने सांगितली: गावातली दफनभूमी शोधा. फुलांसाठी नळ असतो आणि बहुतेक ठिकाणी पाणी पिण्याचं असतं. फक्त ओ नों पोताब्ल अशी पाटी असेल तर नको.

दुकानं साडेबाराला बंद होतात ती दोन-अडीचलाच उघडतात, सोमवारी बरीच बंद. हॉटेलमध्ये जेवण दीडनंतर मिळत नाही. म्हणून सकाळीच बेकरीतून ब्रेड, चीज, अक्रोडाचा केक घेऊन ठेवा.

शाकाहारी असाल तर नीट वाचा. हा बदकांचा प्रदेश आहे. सार्लादेझ बटाटे नावाला बटाटे आणि लसूणच दिसतात, पण ते बदकाच्या चरबीत परततात. पेरिगॉरचं सॅलड मागितलं तर त्यात बदकाच्या पोटातले तुकडे येतात. मी शाकाहारी आहे एवढं सांगून भागत नाही, सां व्हिआंद, सां लार्दों, सां ग्रेस द कानार असं एकेक सांगायचं, म्हणजे मांस नको, डुकराचे तुकडे नकोत, बदकाची चरबी नको. बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, काबेकू, टोस्टवर गरम करून देतात, ते मागा. आणि वाटेवर पडलेले अक्रोड, चेस्टनट, मश्रूम उचलू नका, ते कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईतले असतात.

९. संध्याकाळी रोज

गोचीड. इथल्या गवतात खूप असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांखाली रोज बघा. मेडिकलमध्ये तीर-तिक नावाचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, त्याने गोल फिरवत काढायची, तेल-स्पिरिट लावायचं नाही, चिमटून तर नाहीच. तारीख लिहून ठेवा, नंतरच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावली होती हे आठवणीने सांगा.

अपघातात ११२ फिरवा. जंगलात जागा सांगता यावी म्हणून नकाशाच्या अॅपमध्ये अक्षांश-रेखांश कुठे दिसतात ते आधीच शोधून ठेवा, पडल्यावर ते सुचत नाही.

१०. सायकल परत करताना

दुकान बंद व्हायच्या निदान तासभर आधी पोचा. आधी चिखल धुऊन टाका, बऱ्याच कॅम्पिंगमध्ये पाण्याचा पाइप असतो, चिखलाखाली ओरखडा आहे की नाही यावरून वाद होतात ते टळतात. परत तेच फोटो काढा. डिपॉझिट सोडल्याची पावती किंवा ईमेल हातात घेतल्याशिवाय निघू नका. भारतातल्या कार्डावर ब्लॉक सुटलेला दिसायला कधी कधी आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे कार्डाची लिमिट ठरवताना तेवढी रक्कम अडकलेली धरूनच पॅरिसचे शेवटचे दिवस आखा.